आकाशातील चुकामूक : प्रवासी विमाने, ग्लायडर आणि सामाईक आकाश

१. विषय व मर्यादा

इतिहास हा सामान्यतः घडलेल्या गोष्टींचा लिहिला जातो. न घडलेल्या गोष्टी दप्तरात नोंदल्या जात नाहीत, त्यांच्यावर शिलालेख कोरले जात नाहीत व त्यांच्या स्मरणार्थ सभाही भरत नाहीत. तथापि मानवी व्यवहारात काही न घडलेल्या गोष्टी अशा असतात की, त्या का घडल्या नाहीत हे कळल्यावाचून घडलेल्या गोष्टींचा अर्थ लागत नाही. दोन विमाने आकाशात एकमेकांच्या अगदी जवळून जातात आणि आपापल्या मुक्कामी सुखरूप उतरतात, ही अशाच वर्गातील घटना होय. तिच्या पोटात संपूर्ण अपघात दडलेला असतो. उणीव असते ती केवळ शेवटच्या काही हातांच्या अंतराची.

प्रस्तुत निबंधात प्रवासी विमाने एका बाजूला आणि ग्लायडर किंवा शिकाऊ वैमानिकांची हलकी विमाने दुसऱ्या बाजूला, अशा विषम सोबत्यांनी एकच आकाश कसे वापरले, त्यासाठी कोणते नियम निर्माण झाले आणि त्या नियमांत दृष्टी व भाषा यांचा वाटा कोणता, याचा विचार करावयाचा आहे. विमानविद्या हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. परंतु या इतिहासातील कित्येक निर्णायक क्षण शब्दांचे आहेत. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अस्थानी ठरू नये. शिवाय अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची नियमित प्रवासी सेवा सुरू झाल्यामुळे हा विषय वऱ्हाडाच्या दारात येऊन उभा राहिला आहे.

२. शब्दविचार

इंग्रजीत या घटनेला पूर्वापार ‘निअर मिस’ असे म्हणत आले. हा शब्दप्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झाला. विमानातून टाकलेला बाँब जहाजावर न पडता अगदी जवळ पाण्यात पडला, तर त्यास हे नाव देत. म्हणजे या शब्दातील दृष्टी मूळची बाँब टाकणाऱ्याची आहे. ज्याचा नेम हुकला, त्याची. तोच शब्द पुढे नागरी विमानांना लागू झाला तेव्हा त्यातील दृष्टिकोण उलटला, पण शब्द तसाच राहिला. नेम कोणीही धरलेला नाही, आणि तरीही हुकल्याची भाषा! ही विसंगती पुढे जाणवू लागली असावी. ब्रिटनमध्ये प्रथम ‘एअरमिस’ व नंतर ‘एअरप्रॉक्स’ हे शब्द आले. ‘एअरप्रॉक्स’ या सांकेतिक शब्दात हुकण्याची कल्पना नाही, आहे ती केवळ सान्निध्याची. अंतर इतके कमी झाले की सुरक्षिततेविषयी शंका निर्माण झाली, एवढेच तो सांगतो. दोष कोणाचा याविषयी तो मौन पाळतो. पारिभाषिक शब्दाने असे मौन पाळणे किती मोलाचे असते, ते पुढे दिसून येईल.

मराठीत यासाठी नवा शब्द घडविण्यापूर्वी जुन्या शब्दाकडे पाहणे इष्ट आहे. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश्’ या संस्कृत धातूचे जे आदेश दिले आहेत, त्यांत ‘चुक्क’ आणि ‘भुल्ल’ हे दोन आहेत. आपले ‘चुकणे’ आणि ‘भुलणे’ हे या कुळातले. ‘चुक्क’चा मूळ अर्थ ढळणे, च्युत होणे. मराठीत या एका धातूच्या दोन परस्परविरुद्ध शाखा झाल्या. ‘गणित चुकले’ म्हणजे दोष घडला. ‘संकट चुकले’ म्हणजे दोष टळला. ‘चूक’ हे नाम पहिल्या शाखेचे, ‘चुकविणे’ हे प्रयोजक क्रियापद मुख्यतः दुसऱ्या शाखेचे. आणि ‘चुकामूक’ या शब्दात दोन्ही शाखा पुन्हा एकत्र येतात : ज्यांची गाठ पडावयाची ते एकमेकांच्या जवळून निघून गेले. जत्रेतील चुकामूक ही दुःखाची, आकाशातील चुकामूक ही सुखाची. परंतु दोहोंचे कारण एकच असते, ते म्हणजे एकाला दुसऱ्याचा ठावठिकाणा ठाऊक नसणे.

आपल्याकडे ‘जिवावरचे बोटावर निभावले’ अशी म्हण आहे. ती उच्चारली की प्रसंग संपला असे आपण मानतो. या निबंधाचा रोख असा आहे की, तो तेथे संपत नाही. तेथून त्याचा अभ्यास सुरू व्हावयास हवा.

३. वाटेचा हक्क

आकाशातील रहदारीचे पहिले नियम समुद्रावरून आले. यंत्रबळावर चालणाऱ्या जहाजाने शिडाच्या जहाजाला वाट द्यावी, हा नाविकांचा जुना दंडक होता. ज्याच्या हाती गतीचे नियंत्रण अधिक, त्याच्यावर जबाबदारी अधिक, हे त्यामागील तत्त्व. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी झालेल्या पॅरिस कराराच्या परिशिष्टात हेच तत्त्व आकाशाला लावण्यात आले : विमानांनी बलूनांना व हवाई जहाजांना वाट द्यावी. पुढे ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारान्वये जे आंतरराष्ट्रीय नियम तयार झाले, त्यांत ग्लायडरचे स्थान स्पष्ट झाले. यंत्रचालित विमानाने हवाई जहाज, ग्लायडर व बलून यांना वाट द्यावी. हवाई जहाजाने ग्लायडर व बलून यांना. आणि ग्लायडरने बलूनला. म्हणजे जो जितका वाऱ्याच्या अधीन, तितका त्याचा मान मोठा. शेकडो प्रवासी घेऊन जाणाऱ्या विमानाने एका माणसाच्या बिनइंजिनाच्या यानापुढे वाकावे, असा हा उदात्त नियम आहे.

परंतु या नियमाच्या मुळाशी एक गृहीत आहे : वाट देणाऱ्याला समोरचा दिसला पाहिजे. हे गृहीत किती नाजूक आहे याचा प्रत्यय लवकरच आला. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये पिकार्डी भागात एक ब्रिटिश व एक फ्रेंच प्रवासी विमान समोरासमोर आदळून ७ माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही वैमानिक कमी उंचीवरून, धुक्यात, खालचा एकच रस्ता पाहत आपली वाट काढीत होते. अफाट आकाशात दोन विमाने आदळणे यास आपण ‘काकतालीय न्याय’ म्हणू. कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एकच गाठ. पण हा न्याय येथे लागू पडत नाही. आकाश अफाट असले तरी विमाने त्यात विखुरलेली नसतात. तीही रस्ते धरतात, धावपट्ट्यांभोवती गोळा होतात, ठराविक उंचीवर येतात. जेथे वाट आहे तेथे गाठ आहे.

३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन मोठी प्रवासी विमाने आदळून १२८ जण ठार झाले. त्या भागात दोघांनीही ‘पाहावे आणि टाळावे’ एवढाच नियम होता. या आघातानंतर १९५८ साली तेथे विमान वाहतुकीची स्वतंत्र मध्यवर्ती यंत्रणा उभी राहिली व केवळ डोळ्यांवर विसंबण्याचे युग मोठ्या विमानांपुरते संपत आले. मात्र ग्लायडरपुरते ते आजही बऱ्याच अंशी चालू आहे.

४. ग्लायडर का दिसत नाही

महाराष्ट्रात या सहवासाचे सर्वांत ठळक ठिकाण म्हणजे पुणे. तेथे हडपसर येथे केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याने ग्लायडर प्रशिक्षण केंद्र चालविले. तेथून लोहगाव सरळ रेषेत सुमारे १० किलोमीटरांवर आहे. आणि लोहगावी वायुदलाचा तळ व प्रवासी विमानतळ एकाच धावपट्टीवर नांदतात. लढाऊ विमान, प्रवासी विमान आणि ग्लायडर हे तिघे एका शहराच्या आकाशाचे वाटेकरी झाल्याचे असे उदाहरण विरळा.

भारतात ग्लायडर केवळ बाहेरून आले असे नाही. विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. राममृतम् यांनी ग्लायडरांची एक मालिकाच रचली. तीतील अश्विनी १९५८ मध्ये, रोहिणी १९६१ मध्ये, कार्तिक १९६३ मध्ये व मृगशीर १९७० मध्ये प्रथम आकाशात गेले. ही नावे नक्षत्रमंडळाशी नाते सांगणारी आहेत, हे सहज लक्षात येते. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला रोहिणी व मृग ही पेरणीच्या वेळची नक्षत्रे म्हणून परिचित. त्याच नावांची याने पावसाआधीच्या उन्हात तापलेल्या हवेवर तरंगत, हा योग मोठा गमतीचा आहे.

ग्लायडरला इंजिन नसते. लांब दोराच्या व यंत्ररहाटाच्या साहाय्याने अथवा दुसऱ्या विमानामागे बांधून ते वर नेतात. त्यानंतर जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या प्रवाहात घारीप्रमाणे घिरट्या घालीत ते उंची मिळविते. ते सरळ रेषेत जात नाही; जेथे हवा वर उठते तेथे ते जाते. त्यामुळे ते पुढील क्षणी कोठे असेल याचे भाकीत दुसऱ्याला करता येत नाही. त्याचे अंग सडपातळ व बहुधा पांढरे असते, आणि आधुनिक ग्लायडरात काचतंतूंचा वापर असल्याने रडारच्या लहरी त्यावरून क्षीणपणे परततात.

येथे थोडे गणित करून पाहणे उद्बोधक ठरेल. साधारणतः १०,००० फुटांखाली विमानांना २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर, ही वेगमर्यादा असते. समोरून ताशी १०० किलोमीटर वेगाने ग्लायडर येत असेल तर दोघांमधील अंतर सेकंदाला सुमारे १५६ मीटर या गतीने घटते. दिसणे, ओळखणे, धोका आहे असे ठरविणे, हात हलविणे आणि विमानाने प्रतिसाद देणे यास सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकी मार्गदर्शनात मानले आहे. तेवढ्या वेळात अंतर कमी होते जवळजवळ २ किलोमीटरने. म्हणजे निदान २ किलोमीटरांवरून ग्लायडर दिसला पाहिजे. समोरून पाहता त्याच्या धडाची रुंदी ६५ सेंटिमीटर धरली, तर इतक्या अंतरावर ती एका कलेहून थोडाच अधिक कोन करते. निरोगी डोळ्याची सूक्ष्मभेद करण्याची मर्यादा सुमारे १ कला आहे. म्हणजे ज्या क्षणी दिसणे अवश्य आहे, त्या क्षणी तो दृष्टीच्या सीमेवर उभा असतो.

याहूनही विलक्षण गोष्ट पुढे आहे. जी वस्तू आपल्याला धडकणार नाही, ती आपल्या काचेवर सरकताना दिसते, आणि सरकणाऱ्या वस्तूकडे डोळा आपोआप वळतो. परंतु दोघांचे मार्ग व वेग कायम असतील तर जी वस्तू नेमकी धडकणार आहे, ती काचेवर एकाच जागी स्थिर राहते. फक्त हळूहळू मोठी होते आणि अगदी अखेरीस एकाएकी फुगते. खलाशांना हे शतकानुशतके ठाऊक होते. निसर्गाने डोळ्याला जी सावधगिरी दिली, ती नेमकी याच धोक्यापुढे आंधळी ठरते. ‘बघून चालावे’ हा उपदेश देणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ही केवळ कल्पना नव्हे. २८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यात, सुमारे १६,००० फुटांवर, हॉकर जातीचे एक खासगी जेट विमान एका ग्लायडरवर आदळले. ग्लायडरचा वैमानिक हवाई छत्रीने उतरला. जेट विमानाने मोडक्या नाकानिशी चाके न काढता जमीन गाठली. कोणीही दगावले नाही. ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारच्या पृच्छेला आपली ओळख व उंची कळविणारे यंत्र, बसविलेले होते. परंतु विजेरी पुरून उरावी म्हणून ते बंद ठेवले होते. नियमाने ग्लायडरला त्या यंत्रातून सूट होती. प्रवासी विमानांतील टक्कर टाळणारी यंत्रणा समोरच्याच्या ट्रान्सपॉन्डरचे उत्तर ऐकते. जो उत्तर देत नाही, तो तिच्या लेखी अस्तित्वातच नसतो. २००४ पासून स्वित्झर्लंडमध्ये ग्लायडर-वैमानिकांसाठी ‘फ्लार्म’ नावाचे अल्प विजेवर चालणारे यंत्र प्रचारात आले. पण तेही आपल्या जातभाईंशीच बोलते. प्रवासी विमानातील यंत्रणेला त्याची बोली कळत नाही. एकाच आकाशात दोन बोली, आणि मध्ये दुभाषी नाही, अशी ही स्थिती होय.

५. ऐकणे

डोळा अपुरा पडला तेथे कान आला. रेडिओवरून नियंत्रक एका वैमानिकाला दुसऱ्याचा ठिकाणा सांगू लागला. आता सुरक्षितता वाक्यावर अवलंबून राहिली, आणि वाक्याचे सर्व गुणदोष तिला चिकटले.

२५ सप्टेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे एक बोइंग ७२७ प्रवासी विमान उतरण्याच्या तयारीत असताना एका लहान सेस्ना विमानावर वरून आदळले. १४४ माणसे प्राणास मुकली. सेस्नामध्ये यंत्रांच्या आधारे उतरण्याचा सराव चालू होता. सेस्नाची सूचना मोठ्या विमानाला दिलेली होती व ते दिसल्याचे उत्तरही त्यांनी दिले होते. नंतर ते दिसेनासे झाले. तेव्हा वैमानिकाने मनोऱ्याला जे सांगितले त्याचा आशय ‘ते उजव्या बाजूने निघून गेले असावे’ असा होता. नियंत्रकाने मात्र ‘ते उजव्या बाजूने जात आहे’ असे ऐकले. इंग्रजीत या दोहोंतील भेद शब्दाच्या अंत्य अवयवाएवढा, आणि रेडिओच्या खरखरीत तो सहज विरून जातो. भूतकाळ ऐकू आला असता तर ‘आता ते दिसत नाही’ हे नियंत्रकाला उमगले असते; चालू काळ ऐकू आल्याने ‘ते अजून दिसत आहे’ असे त्याने मानले. अपघाताची कारणे अनेक होती. सेस्नाने दिलेली दिशा पाळली नव्हती, आणि टक्करीचा पूर्वइशारा देणारी भोंग्याची सूचना, असे खोटे इशारे वारंवार येत असल्यामुळे, दुर्लक्षिली गेली होती. तरीही व्याकरणातील काळाचा एक प्रत्यय इतका महाग पडल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

मराठीभाषकाने येथे विशेष सावध असावयास हवे. आपल्या भाषेत भूतकाळाचे रूप निकटच्या भविष्यासाठी सर्रास वापरतात. घरातून हाक आली की आपण ‘आलो, आलो’ म्हणतो, पण जागचे उठलेलो नसतो. ‘हा निघालो’ म्हणणाऱ्याच्या पायात अजून वहाण नसते. घरात या रूपाचे माधुर्य कोणी नाकारणार नाही. परंतु या सवयीच्या बळावर परभाषेतील काळ वापरणारा मनुष्य न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगण्याचा संभव असतो. रेडिओवरील ठराविक, रुक्ष, साच्यातील वाक्ये आणि ऐकलेली आज्ञा जशीच्या तशी परत म्हणून दाखविण्याची शिस्त, यांचे मर्म येथे कळते. वेदपठणात घनपाठाने जे साधले, तेच या प्रतिवचनाने साधावयाचे असते : अर्थाच्या रक्षणासाठी ध्वनीची पुनरावृत्ती.

१० सप्टेंबर १९७६ रोजी झाग्रेबवर दोन प्रवासी विमाने आदळून १७६ जण मेले. अखेरच्या क्षणी गोंधळलेल्या नियंत्रकाच्या तोंडून इंग्रजीऐवजी सर्बो-क्रोएशियन वाक्य निघाले. ते एका विमानाला उद्देशून होते, आणि दुसऱ्या विमानातील ब्रिटिश वैमानिकांना ते कळणे शक्यच नव्हते. संकटात मनुष्य मातृभाषेकडे धावतो, हे भाषाशास्त्राचे साधे सत्य तेथे घातक ठरले.

भारतातील सर्वांत दारुण प्रसंग १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे घडला. दिल्लीहून निघालेले सौदी बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाक इल्यूशिन ७६ यांची टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्व, एकूण ३४९, माणसे ठार झाली. आखाती देशांत पोटासाठी निघालेले कितीतरी भारतीय मजूर त्यांत होते. सौदी विमानाला १४,००० फुटांवर व कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली आले. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत दोष त्या विमानाच्या चमूकडे गेला. नियंत्रकाशी बोलण्याचे काम त्या विमानात रेडिओ-चालकाकडे होते आणि त्याच्यासमोर स्वतंत्र उंचीमापक नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला आकडा पाहावा लागे. म्हणजे ज्याच्या हाती वाणी होती त्याच्या हाती विमान नव्हते, आणि ज्यांच्या हाती विमान होते त्यांची इंग्रजी तोकडी होती. दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांसाठी त्या वेळी एकच मार्ग उपलब्ध होता आणि उंची दाखविणारे दुय्यम रडार कार्यान्वित झालेले नव्हते. यानंतर येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे झाले, आणि टक्कर टाळणारी यंत्रणा भारताच्या आकाशात सक्तीची झाली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने वैमानिक व नियंत्रक यांच्या भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरविल्या, व आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी निदान चौथी पायरी आवश्यक केली. भाषाज्ञान हे विमानविद्येचे अंग म्हणून इतक्या स्पष्टपणे मान्य व्हावयास इतके प्राण खर्ची पडावे लागले.

६. सांगणे

आतापर्यंतची सर्व उदाहरणे, एक वगळता, घडलेल्या मृत्यूंची आहेत. आणि हेच या विषयाचे दुखणे होय. प्रत्येक नियमामागे प्रेते आहेत. चुकामुकींनी तोच धडा बिनमोल दिला असता. पण त्या सांगितल्या गेल्या नाहीत.

१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात माउंट वेदर या डोंगरावर एक प्रवासी विमान आदळून ९२ जण ठार झाले. उतरण्याच्या परवानगीच्या एका रूढ शब्दसमूहाचा अर्थ वैमानिकांनी ‘आता खाली येण्यास मोकळीक आहे’ असा घेतला. नियंत्रकाच्या मनात तसे नव्हते. चौकशीत बाहेर आले ते असे की, सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे एक विमान याच शब्दांच्या याच अर्थामुळे याच डोंगरावरून थोडक्यात निभावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. परंतु तो इशारा कंपनीच्या कुंपणाबाहेर पोहोचला नाही. एका घरात बोटावर निभावलेले शेजारच्या घरात जिवावर बेतले, ते केवळ भिंत मध्ये असल्यामुळे.

या घटनेनंतर १९७६ साली अमेरिकेत एक योजना सुरू झाली. वैमानिकाने वा नियंत्रकाने आपल्या हातून घडलेली किंवा पाहिलेली धोक्याची गोष्ट कळवावी. कळविणाऱ्याचे नाव काढून टाकून तेवढा मजकूर सर्वांसाठी ठेवावा. आणि ही नोंद शिक्षा करणाऱ्या खात्याकडे न जाता नासा या अवकाश संशोधन संस्थेकडे जावी. ज्याच्या हाती दंड आहे त्याच्या कानात कोणी कबुली देत नाही, हे ओळखून केलेली ही व्यवस्था होती. ब्रिटनमध्ये १९९९ साली स्थापन झालेले एअरप्रॉक्स मंडळ याच मार्गाने जाते. प्रवासी विमान व ग्लायडर, लष्करी विमान व ग्लायडर अशा जवळून गेलेल्या प्रसंगांची ते एकेक करून छाननी करते, धोक्याची प्रत ठरविते व माणसांची नावे न देता निष्कर्ष छापते. इतिहासकाराच्या दृष्टीने ही अपूर्व साधनसामग्री आहे; न घडलेल्या गोष्टींचे ते दप्तरच होय.

वर ‘एअरप्रॉक्स’ या शब्दाच्या मौनाचा उल्लेख केला, त्याचे प्रयोजन आता स्पष्ट होईल. ‘चूक कळवा’ असे म्हटले तर पत्रे येणार नाहीत; ‘जवळीक कळवा’ म्हटले तर येतील. शब्दातून दोष काढला की माहिती मोकळी होते. भारतातही एअरप्रॉक्सची नोंद व चौकशी होते, आणि २०१२ पासून अपघात व गंभीर घटना यांच्या अन्वेषणासाठी स्वतंत्र ब्यूरो आहे. परंतु नियमाने लादलेली नोंद आणि आपखुशीने सांगितलेली हकीकत यांत फरक आहे. दुसरीचा झरा विश्वासावर वाहतो.

७. वऱ्हाडचे आकाश

वऱ्हाडचे आकाश रिकामे आहे अशी समजूत होणे स्वाभाविक होते. अकोल्याजवळ शिवणी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, धावपट्टी झाली; बेलोऱ्याची धावपट्टी १९९२ ची. दोन्ही ठिकाणी दीर्घकाळ नियमित प्रवासी वाहतूक नव्हती. परंतु जमिनीवरून पाहिलेले आकाश व वरून पाहिलेले आकाश यांत अंतर असते. १९४९ साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परतत. मुंबई व नागपूर यांना जोडणारी सरळ रेषा अकोला व अमरावती या शहरांच्या थोड्या दक्षिणेकडून जाते. म्हणजे वऱ्हाड झोपेत असताना त्याच्या आसपासच्या आकाशातून देशाची टपाले वाहिली जात होती. चार दिशांची विमाने अंधारात एका ठिकाणी गोळा व्हावयाची, तर प्रत्येकाची वेळ व उंची बांधून देणे भाग होते. विदर्भाच्या भूमीवर झालेला सामाईक आकाशाचा तो आरंभीचा धडा होय.

उन्हाळ्यातील वऱ्हाडचे हवामान या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगे आहे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत व कधी त्यापलीकडे जातो. काळी जमीन नांगरून उघडी पडलेली असते. दुपारी तिच्यावरून उष्ण हवेचे स्तंभ उठतात. वावटळ हे त्यांचेच जमिनीलगतचे, धुळीने दृश्य झालेले रूप. ज्या प्रवाहांवर घारी पंख न हलविता चढतात, तेच प्रवाह ग्लायडरला उचलतात आणि तेच लहान विमानाला हेलकावे देतात. धुळकट आकाशात दृष्टीचा पल्लाही घटतो. चौथ्या भागातील २ किलोमीटरांचे गणित येथे पुन्हा आठवावे.

बेलोऱ्यास आता एटीआर ७२ जातीचे प्रवासी विमान उतरू लागले आहे. त्याच विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडविणारी प्रशिक्षण संस्था उभारण्याचा संकल्प एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केला. म्हणजे एकीकडे वेळापत्रकाने बांधलेले प्रवासी विमान, दुसरीकडे त्याच धावपट्टीभोवती पुनःपुन्हा फेरी घालणारी शिकाऊ विमाने, हा योग येथे जुळून येत आहे. वैमानिक घडवावयाचे तर कोठे तरी नवशिक्यांनी चुकत शिकलेच पाहिजे, आणि अमरावतीकरांना मुंबईची सेवाही हवी आहे. दोहोंपैकी एकास नकार देणे हा मार्ग नव्हे. सॅन डिएगोच्या सेस्नातही सराव चालला होता, एवढे मात्र विसरून चालणार नाही. त्यातील वैमानिक बेजबाबदार होते असे नव्हे. दोन निराळ्या गरजांचे प्रवासी एका वाटेवर होते आणि त्यांच्यामधला दुवा एका अस्पष्ट वाक्याचा होता.

८. समारोप

या इतिहासाचा ओघ तीन क्रियापदांत सांगता येतो : पाहणे, ऐकणे आणि सांगणे. आरंभी सर्व भिस्त पाहण्यावर होती. तिची मर्यादा शरीररचनेतच आहे. मग ऐकण्यावर भिस्त आली. तिची मर्यादा भाषेच्या रचनेत आहे. यंत्रांनी दोन्ही मर्यादा पुष्कळ मागे रेटल्या, पण जे यान उत्तर देत नाही ते यंत्रालाही अदृश्यच असते. उरते ते सांगणे. त्याची मर्यादा मात्र निसर्गाने घातलेली नाही, ती भीतीने घातलेली आहे. म्हणूनच ती मनुष्याच्या प्रयत्नाने हटविता येण्याजोगी आहे.

बेलोऱ्यासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या तरुणाला उड्डाणाच्या पहिल्या पाठाबरोबर दोन गोष्टी शिकवाव्यात, असे या विवेचनावरून सुचते. रेडिओवर ‘आलो’ म्हणजे खरोखर आलेला, असा काळाचा काटेकोरपणा पाळावा. आणि चुकामूक झाली की ‘निभावले’ म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकल्यावर ती त्याच दिवशी लिहून कळवावी. ‘चुकणे’ या धातूच्या दोन शाखांपैकी कोणती वाढावी, हे पुष्कळसे त्या कागदावर अवलंबून आहे.